अहवाल कुलपात, चुका मोकळ्या

पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली सापडते. या गावातून पहिल्या महायुद्धाला इतके जण गेले आणि इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नावं नाहीत, आकडा तेवढा. ती माणसं कोणाच्या हुकमानं कुठे गेली आणि जिथे मेली तिथे मरायची खरंच गरज होती का, हे पाटीवर नाही आणि गावातही कोणी विचारत नाही. हा प्रश्न विचारला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, आणि तो शंभर वर्षांपूर्वीच्या साहेबाच्या फौजेपुरता नाही.

पहिल्या महायुद्धातली, आजच्या इराकमधली कूतची मोहीम घ्या. नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटिशांच्या हिंदी फौजेनं बसरा घेतलं. हेतू मर्यादित होता, इराणच्या आखाताच्या वरच्या टोकाशी असलेलं तेल सांभाळायचं. मोहिमेतली मुख्य फौज म्हणजे सहावी डिव्हिजन, जिला पूना डिव्हिजन म्हणत. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यातच होत्या. पुढच्या वर्षी जनरल निक्सन सेनापती म्हणून आला आणि तेलाच्या राखणीची मोहीम बघता बघता बगदादची स्वारी होऊन बसली. डिव्हिजनचा प्रमुख टाउनशेंड तैग्रिस नदीच्या काठानं वर सरकत गेला. जूनमध्ये अमारा पडलं, सप्टेंबरअखेर कूत. प्रत्येक विजयाबरोबर बसऱ्याची रसद आणखी लांब पडत होती. नदीत चालणाऱ्या बोटी अपुऱ्या, डॉक्टर अपुरे, औषधं अपुरी. टाउनशेंडला हे दिसत होतं. कूतलाच थांबावं असं त्याचं मत होतं आणि त्यानं ते वर कळवलंही होतं. पण निक्सनला बगदाद हवं होतं. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत नाचक्की चालली होती, त्यामुळे लंडनलाही कुठून तरी एक विजयाची बातमी हवी होती. टाउनशेंड पुढे निघाला.

बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला नोव्हेंबर १९१५ मध्ये तुर्कांशी गाठ पडली. साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांत घालून, खडबडीत रस्त्यानं धक्के खात नदीपर्यंत आणलं आणि बोटींवर रचलं. अशीच एक बोट बसऱ्याला लागत असताना हिंदी वैद्यकीय सेवेतला मेजर कार्टर नावाचा डॉक्टर आपल्या इस्पितळी जहाजावरून पाहत होता. बोटीच्या कडेवरून दोर लोंबताहेत असं त्याला लांबून वाटलं. जवळ आल्यावर कळलं की ती विष्ठा आहे. हगवण लागलेल्या, हाडं मोडलेल्या शेकडो माणसांना हलताही येत नव्हतं आणि कित्येकांच्या जखमांवरची पट्टी लढाईच्या दिवसापासून बदललेली नव्हती. कार्टरनं जे पाहिलं ते वरिष्ठांना कळवलं. उत्तर काय मिळालं? तू लुडबुड करतोस, अटक करू, तुझं जहाज काढून घेऊ. हे पुढे सरकारी चौकशीतच नोंदलं गेलं.

टाउनशेंड माघार घेऊन कूतमध्ये शिरला आणि वेढा पडू दिला. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वीस वर्षांपूर्वी, १८९५ मध्ये, वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालच्या किल्ल्यात वेढा सोसून टिकल्यामुळेच हा माणूस विलायतेत नावारूपाला आला होता. ज्या युक्तीनं एकदा यश दिलं तीच त्यानं पुन्हा काढली. शिवाय धान्याचा साठा नीट मोजायच्या आधीच थोडे दिवसच पुरेल असं कळवून टाकलं. त्यामुळे सोडवणुकीसाठी आलेल्या फौजांनी घाईघाईत, अपुऱ्या तयारीनिशी हल्ले केले आणि त्या हल्ल्यांत तेवीस हजारांच्या घरात माणसं गारद झाली. वेढा १४७ दिवस चालला. कित्येक हिंदी शिपाई घोड्याचं मांस खायला तयार नव्हते, ते उपाशी राहून खंगले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली, त्यात बहुतेक हिंदी. वाळवंटातून चालवत नेलेल्या हिंदी कैद्यांपैकी तीन हजारांच्या आसपास परतले नाहीत. टाउनशेंडनं युद्धाचा उरलेला काळ इस्तंबूलजवळच्या एका बेटावर सुखात घालवला.

या गोष्टीत कोणी मठ्ठ नाही. टाउनशेंड वाचणारा, युद्धाचा इतिहास तोंडपाठ असलेला माणूस होता. निक्सनही अनुभवी. सेनापतींच्या चुकांबद्दल बोलताना आपण चटकन ‘डोकं नव्हतं’ म्हणतो आणि मोकळे होतो. मला ते पटत नाही. डोकं असलेली माणसं एका विशिष्ट यंत्रणेत वर चढतात आणि ती यंत्रणा त्यांना काही गोष्टी दिसूच देत नाही. खरी मेख तिथे आहे.

आमच्या सोलापुरात चादरीच्या आणि टॉवेलच्या धंद्यात माल खोटा निघाला तर लपत नाही. पहिल्या धुण्यात रंग सुटला की व्यापारी गठ्ठा परत धाडतो आणि पुढच्या आठवड्यापासून ऑर्डर दुसऱ्या कारखान्याकडे जाते. सेनापतीच्या धंद्यात असं धुणं वीस-वीस, तीस-तीस वर्षांनी एकदा येतं. मधल्या काळात लेफ्टनंटचा जनरल होतो आणि त्याच्या कल्पना खऱ्या की खोट्या हे कधीच कळत नाही. सराव होतात, पण सरावात कोण जिंकणार हे बऱ्याचदा आधी ठरलेलं असतं. मग बढती कशावर मिळते? वरिष्ठानं लिहिलेल्या गोपनीय अहवालावर. शांततेच्या काळात वरिष्ठाला आवडणारे गुण म्हणजे टापटीप, वेळ पाळणं, शब्द न खाली पडू देणं, अडचण न सांगणं. त्यात वाईट काही नाही. पण पंचवीस-तीस वर्षं हीच चाळणी लावली तर वर जी माणसं उरतात त्यांना ‘साहेब, हे जमणार नाही’ म्हणायची सवयच राहत नाही.

शिवाय सैन्याला आज्ञाधारकपणा लागतोच. गोळीबारात उठून पुढे धावायचं असेल तर का, कशासाठी असं विचारत बसून चालत नाही. जवानाचा तो गुण पवित्र आहे असंच मी मानतो. अडचण अशी की खंदकात जो गुण जीव वाचवतो तोच गुण नकाशाच्या टेबलाभोवती जीव घेतो, आणि सैन्य या दोन जागांसाठी दोन वेगळ्या सवयी लावत नाही. फ्रान्समधल्या सोमच्या रणांगणावर १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटिशांचे १९,२४० सैनिक मेले. शत्रूच्या काटेरी तारा तुटलेल्या नाहीत हे गस्तीवरून आलेली माणसं काही ठिकाणी सांगत होती. ते खाली माहीत होतं, वर पोचलं नाही.

आता आपल्याकडे येऊ. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात हे कोल्हापूरचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत त्यांनी नाव कमावलं आणि पुढे ते पूर्व विभागाचे सेनापती झाले. चीन नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, कुठून, कसा येईल आणि आपलं बळ किती कमी पडेल याचा आराखडा त्यांनी १९५९ मध्येच लिहून वर पाठवला. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा सराव घेऊन तो अधिकाऱ्यांपुढे मांडला. त्यांचं सांगणं साधं होतं. सरहद्दीवरच्या चौक्यांनी सूचना द्यावी, शत्रूला खेळवावं, वेळ काढावा आणि मुख्य लढाई मागे, जिथे आपली रसद पोचते आणि त्याची ताणली जाते तिथे द्यावी. ती योजना फायलीत राहिली. तेव्हाचे सेनाप्रमुख जनरल थिमय्यांना आपल्यानंतर थोरात यावेत असं वाटत होतं. ते झालं नाही. १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले.

मग आला १९६२ चा ऑक्टोबर. नामका चू हा थागला डोंगराच्या पायथ्याचा ओढा. चिनी वर, आपण खाली. सातव्या ब्रिगेडच्या जवानांच्या अंगावर सुती कपडे, बऱ्याच जणांच्या पायात कॅनव्हासचे बूट, माणशी जेमतेम पन्नास गोळ्या. तोफखाना नावापुरता. विमानातून टाकलेल्या मालातला बराचसा दरीत जाऊन पडत होता. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर दळवी या जागेबद्दल वर कळवत होते. तेहेतिसाव्या कोअरचे (कोअर म्हणजे काही डिव्हिजन मिळून झालेली फौज) प्रमुख उमरावसिंग यांनी तर ही कामगिरी या तयारीनिशी होण्यासारखी नाही असं लेखी कळवलं. परिणाम असा झाला की नेफाची जबाबदारीच त्यांच्याकडून काढून घेतली गेली आणि घाईनं उभ्या केलेल्या चौथ्या कोअरवर लेफ्टनंट जनरल कौल आले. त्यांनी युद्धात मोठी लढाऊ तुकडी कधी चालवलेली नव्हती. १० ऑक्टोबरला चिनी हल्ला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, दिल्लीला जाऊन परिस्थिती सांगितली, आणि तरीही ब्रिगेड त्याच ओढ्याकाठी राहिली. पुढे कौल आजारी पडले आणि दिल्लीत घरी अंथरुणावरून कोअर चालवत राहिले. २० तारखेच्या पहाटे चिनी उतरले. काही तासांत ब्रिगेड संपली.

दोष राजकारण्यांचा होता असं म्हणणारे पुष्कळ आहेत. होताच. संरक्षणमंत्री मेनन सेनाप्रमुखांना बाजूला सारून परस्पर अधिकाऱ्यांशी बोलत, पंतप्रधानांना युद्ध होईल असं वाटत नव्हतं, आणि संसदेत इंचभरही जमीन सोडू नका अशी गर्जना चालली होती. पण अशा वेळी नको ते सांगणं हेच तर सेनापतीचं काम. एप्रिल १९७१ मध्ये सेनाप्रमुख माणेकशॉंनी इंदिरा गांधींना तोंडावर सांगितलं की आत्ता युद्ध नको, पावसाळा येतोय, मला वेळ द्या. डिसेंबरमध्ये काय झालं ते जगानं पाहिलं. याच माणेकशॉंवर त्यांच्या फटकळ बोलण्यावरून काही वर्षांपूर्वी चौकशी बसली होती. त्यातून ते निर्दोष सुटले आणि १९६२ चा पराभव झाल्यावर कौल यांच्या जागी त्यांनाच पाठवावं लागलं. पराभव जरा उशिरा झाला असता तर? नाही म्हणू शकणारा एक माणूस आपण घरी पाठवून बसलो असतो. देशाचं नशीब अशा योगायोगावर टांगलेलं असावं हे मला भयंकर वाटतं.

पराभवानंतर मेनन गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, यशवंतराव संरक्षणमंत्री झाले. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी चौकशी करून १९६३ मध्ये अहवाल दिला. यशवंतरावांनी संसदेत त्यातलं थोडंफार सांगितलं. अहवाल मात्र आजतागायत कुलपात आहे. २०१० मध्येही संरक्षणमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की त्यातला मजकूर संवेदनशील आहे आणि आजच्या लष्करी कामकाजाच्या दृष्टीनं त्याला मोल आहे. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकारानं त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला, त्यामुळे ज्याला वाचायचा त्याला तो मिळतो. चीनलाही मिळाला असणारच. न मिळालेला एकच, या देशाचा नागरिक, ज्याला त्याचं सरकार तो अधिकृतपणे देत नाही.

याच्या शेजारी कूत ठेवून पाहा. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे याच कूत-बगदादच्या, मोहिमेची चौकशी ब्रिटिशांनी नेमली आणि तिचा अहवाल १९१७ च्या उन्हाळ्यात छापून प्रसिद्ध केला. महायुद्ध ऐन भरात होतं. निक्सन, व्हाइसरॉय, वैद्यकीय प्रमुख, कोणालाही सोडलं नाही. मेजर कार्टरला दिलेली धमकी त्यात आली. भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. आपल्याला गुलाम मानणाऱ्या साम्राज्यानं लढाई चालू असताना जे केलं, ते स्वतंत्र प्रजासत्ताकाला साठ वर्षं उलटूनही जमू नये?

आणि जमतं, हे आपणच दाखवलंय. कारगिल जुलै १९९९ मध्ये संपलं, त्याची चौकशी करणाऱ्या के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल काही भाग वगळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे आला. त्याच्या मागोमाग बदल झाले. अंदमान-निकोबारला तिन्ही दलांची संयुक्त कमांड उभी राहिली, लष्करी गुप्तवार्तेची नवी संस्था आली, तांत्रिक टेहळणीची आली. अहवाल उघड नसता तर यातलं किती झालं असतं मला शंकाच आहे. तरी सगळ्यात अवघड बदल रखडलाच. तिन्ही दलांचा एक प्रमुख नेमा असं मंत्रिगटानं २००१ मध्ये सांगितलं, तो पदावर बसला १ जानेवारी २०२० ला. हवाई दलाला धास्ती की विमानं वाटली जातील, बाबूंना धास्ती की अधिकार जाईल, पुढाऱ्यांना धास्ती की एकाच गणवेशाच्या हाती फार बळ येईल. लष्कराच्या सात, हवाई दलाच्या सात आणि नौदलाच्या तीन अशा सतरा कमांड ज्यांनी त्यांनी आपापल्या सोयीनं आखलेल्या, आणि प्रत्येक कमांडमागे एक मोठं पद. पद सोडायला कोण सहज तयार होतं?

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. सैन्यानं प्रत्येक नव्या गोष्टीमागे धावावं का? नाही. अर्धवट बदल हा न बदलण्यापेक्षा घातक ठरू शकतो आणि मराठी माणसाला हे कोणी शिकवायला नको. पानिपतावर भाऊसाहेबांनी इब्राहिमखान गारद्याचं कवायती पायदळ आणि तोफा घेऊन गोलाची, म्हणजे फौज गोलात बांधून लढायची, लढाई ठरवली. ती रीत तेव्हाच्या मानानं पुढची होती. पण बाकीचे सरदार गनिमी काव्यात वाढलेले, त्यांना गोल धरून उभं राहायची ना सवय ना विश्वास. विंचूरकर, गायकवाडांचे घोडेस्वार गोल मोडून पुढे धावले आणि आपल्याच तोफांच्या माऱ्याआड आले. नवी रीत सेनापतीच्या डोक्यात होती, फौजेच्या अंगात मुरलेली नव्हती. जुन्याला चिकटणाऱ्या सरदारांना नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यांना विश्वासात घेऊन, सराव देऊन, त्यांच्या शंका ऐकून बदल पचवणं हे नेतृत्वाचंच काम होतं.

बदल नको म्हणताना सेनानेतृत्व कधी कधी तुमच्या-आमच्या खांद्यावर बंदूक ठेवतं, हेही बोललं पाहिजे. महिला अधिकाऱ्यांना कायम नियुक्ती आणि नेतृत्वाची पदं द्यायचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा सरकारी बाजूनं मांडलं गेलं की जवान मुख्यतः ग्रामीण भागातले असतात, बाईचा हुकूम मानायची त्यांची मानसिक तयारी नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयानं ते फेटाळलं. ग्रामीण भागातला जवान म्हणजे कोण? माढ्याचा, मंगळवेढ्याचा, सांगोल्याचा आपलाच पोरगा. त्याला कोणी विचारलं होतं? ज्या जिल्ह्याच्या विद्यापीठाला अहिल्यादेवींचं नाव आहे तिथल्या मुलाच्या नावावर हे खपवलं गेलं, याचा मला मनापासून राग येतो. पुढे २०२२ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुली दाखल झाल्या, २०२५ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. आभाळ कोसळलं नाही.

यात आपलाही वाटा आहे. सैन्याबद्दल आपल्या मनात जो आदर आहे त्याचं रूपांतर आपण गप्प बसण्यात करून टाकलंय. जनरल चुकला म्हटलं की जवानाचा अपमान केला असं समजतात. उलट आहे. नामका चूच्या ओढ्यात जे राहिले त्यांचा अपमान त्यांच्या मरणाचं कारण लपवण्यात आहे. सोलापूरकरांनी यात पडू नये असं कोणी म्हणत असेल तर त्यांना मे १९३० आठवून द्यावा. या शहरात लष्करी कायदा लागला, गांधी टोपी घालणं गुन्हा ठरलं आणि पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन फासावर गेले. हुकमाला प्रश्न विचारायचा हक्क या गावानं किंमत मोजून मिळवलाय.

मागणी फार मोठी नाही. संरक्षण मंत्रालयानं जून २०२१ मध्ये स्वतःच धोरण जाहीर केलं की युद्धांच्या आणि मोहिमांच्या नोंदी साधारणपणे पंचवीस वर्षांनी खुल्या व्हाव्यात, आणि युद्धाचा इतिहास वेळेत लिहून काढावा. त्या हिशेबानं १९६२ कधीच मागे पडलं, १९६५ आणि १९७१ सुद्धा. दुसरं, वरिष्ठांनी लिहिलेल्या गोपनीय अहवालाच्या जोडीला हाताखालच्यांचं मतही बढतीत मोजलं जावं. ज्यानं लेखी धोक्याची सूचना दिली आणि जी पुढे खरी ठरली, त्याच्या कागदाची नोंद त्याच्या सेवापुस्तकात असावी. उमरावसिंगांसारखं बाजूला पडायचं भय गेलं की पुढचे उमरावसिंग बोलतील.

तिसरी मागणी आजची आहे. आपल्या तालुक्यातालुक्यांत पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव करणारी मुलं दिसतात, आता ती अग्निवीर व्हायला पळतात. ही योजना जून २०२२ मध्ये एकदम जाहीर झाली. चार वर्षं नोकरी आणि त्यानंतर चौघांतला जास्तीत जास्त एक कायम. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाल्या. योजना चांगली की वाईट हे घोषणांनी ठरणार नाही. चार वर्षांत शिकलेला जवान जुन्याच्या तोडीचा आहे का, पलटणीतली जवळीक टिकते का, सुटलेल्या तिघांचं काय झालं, याबद्दल कंपनी चालवणारे मेजर आणि सुभेदार काय लिहितात हे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे आलं पाहिजे आणि जेवढं देता येईल तेवढं लोकांना दिलं पाहिजे. आपल्या जिल्ह्यातल्या खासदारांना हे पत्र पाठवायला कोणाची परवानगी लागत नाही. ग्रामसभेचा ठराव जोडला तर अधिक बरं. आणि त्याच पत्रात हेंडरसन ब्रुक्स अहवालाचीही मागणी करावी.